घड्याळाचा सेल

फुकटचं घड्याळ काय असतं ते आमच्या पप्पांना विचारा. आमच्या सांडोर गावात वाण्याने स्कीम काढलेली, दोन डझन सेल घ्या, भिंतीवरचं घड्याळ फुकट. पप्पांनी घेतले आणि जिवाला घोर लावून घेतला, सेल गळले तर? टॉर्च विझली की सेल बाहेर. रेडिओ बंद की सेल बाहेर. झोपताना तर घड्याळातलासुद्धा काढायचे.

आई म्हणाली, "अहो, घड्याळालाही झोपवता काय?"

"झोपेत वेळ बघतंय कोण? उगीच सेल गळून मशीन खाईल."

सकाळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पहिली घंटा झाली की सेल घालून साडेसहा लावायचे.

एका रविवारी सातच्या मिस्साच्या प्रार्थनेला शेजाऱ्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, आणि पप्पा धर्मपिता. नेमकी पहिली घंटा झोपेत गेली. सातची दुसरी घंटा पहिली समजून पप्पांनी साडेसहा लावले आणि निवांत दाढी केली. देवळात पोचलो तेव्हा बाप्तिस्मा उरकला होता. धर्मपिता म्हणून बाळाचा मामा उभा राहिला होता.

फादरांनी विचारलं, "काय पास्कल, घड्याळ बिघडलं काय?"

पप्पा छाती काढून म्हणाले, "छे फादर! आणल्यापासून एक सेल गळलेला नाही!"