यंदा घरात काही बदल?

सन्माननीय अध्यक्षा आणि आमच्या कर सल्लागार कार्यालयाच्या मालकीणबाई, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले बँकेचे व्यवस्थापकसाहेब, सहकारी बंधू-भगिनी, वेळात वेळ काढून आलेले आमचे क्लायंट, आणि दाराजवळच्या रांगेत बसून घड्याळाकडे पाहणारी तरुण मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं जरी खरं असतं तरी तुम्ही मला निवृत्त होऊ दिलं नसतं. तुम्ही मला आरामखुर्ची दिलीत. एकतीस वर्षं बसून काम केलेल्या माणसाला आणखी बसायला सांगायचं, याला डोकं लागतं! खुर्ची मात्र छान आहे, मघाशी बसून पाहिली.

मला इथे ‘बॅटरीकाका’ म्हणतात, ते मला माहीत आहे. विजेवरच्या गाडीच्या कर्जाचं व्याज प्राप्तिकरात कसं दाखवायचं, असं विचारत कुणी आलं की तुम्ही त्याला माझ्या टेबलाकडे पिटाळायचात. किती वेळा सांगितलं असेल मी? वजावट व्याजाची मिळते, मुद्दलाची नाही. कर्ज बँकेचं नाहीतर वित्तसंस्थेचं हवं. एका गृहस्थांनी मेहुण्याकडून पैसे घेऊन स्कूटर आणली होती. म्हणाले, “अहो, तो तर बँकेपेक्षा जास्त व्याज घेतो, मग वजावट का नाही?” मी म्हटलं, “मेहुण्याला आधी बँक काढायला सांगा.” ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गाडी मीही घेतली होती. म्हणजे आमच्या हिनेच पसंत केली. कर्जात मी पहिला आणि ही सहकर्जदार. गाडीचा आवाज म्हणून येत नाही. मी कुरकुरलो, “चालू आहे की बंद, तेच कळत नाही.” ही म्हणाली, “तुमचंही तसंच आहे, मी तक्रार केली का कधी?”

आता पाहुण्यांना एक सांगायला हवं. आमच्याकडे कुणीही आपलं विवरणपत्र आपण भरत नाही. ते शेजारच्या टेबलाने भरायचं, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. माझं भरायच्या कॅल्क्युलेटरबाई. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मोठ्या बटणांचं ते यंत्र त्या अजून सोडत नाहीत, म्हणून हे नाव. कागद हातात घेण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला असतो, “यंदा घरात काही बदल?” लग्न, मूल, घर, गाडी, कुणाचं जाणं. उत्तर मिळालं की त्याप्रमाणे पुढचे कागद मागायचे.

ही गेली, त्या वर्षीही बाईंनी सवयीने विचारलं आणि जीभ चावली. त्या स्वतः घरी येऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, “नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, नाही. पुढची तीन वर्षंही तसंच चाललं.

तुम्ही तरुण मंडळी मला टोकायचात, “काका, टाका ना फेडून. करात वाचतं त्याच्या चौपट व्याज भरताय.” मी डाफरायचो, “सवलत आहे तोवर घ्यावी, तुम्हाला काय कळतंय!” मंडळी, गणित तुमचंच बरोबर होतं. हिच्या विम्याचे पैसे पडून होते. त्यात कर्ज एका दिवसात मिटलं असतं.

मग का नाही मिटवलं? व्यवस्थापकसाहेब, ही कबुली तुमच्यासाठी आहे. सहकर्जदार गेल्याचं बँकेला कळवायचं असतं, हे मी शेकडो लोकांना बजावलंय. स्वतः मात्र कळवलं नाही. वजावटीसाठी दरवर्षी तुमचा व्याजाचा दाखला यायचा. त्यावर आमची दोघांची नावं असायची, एकाखाली एक. घरी येणारा बाकी प्रत्येक कागद आता माझ्या एकट्याच्या नावाने येतो. हप्ते सगळे मीच भरले, तेव्हा वजावट खोटी नव्हती. तरुण मंडळी, तुम्हाला सांगत होतो ते कारण खोटं होतं.

शेजारच्या सीटवर मी डब्याची पिशवी ठेवतो. पिशवी जड झाली की गाडीला वाटतं कुणीतरी बसलंय, आणि ती पट्टा लावा म्हणून पिंपिं करते. पिशवी मागे ठेवता आली असती, पण मी पिशवीलाच पट्टा लावतो.

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. बँकेतून एका मुलीचा फोन आला, “अभिनंदन, सर!” मी थँक्यू म्हटलं आणि पार्किंगमध्ये तासभर गाडीतच बसून राहिलो. शेवटचा दाखला परवा आला, तो या खिशात आहे. यापुढे तो येणार नाही आणि उद्यापासून शेजारचं टेबलही नाही. मला फार एकटं वाटतं, मंडळी. समारंभात असं बोलू नये, पण दुसरीकडे कुठे बोलणार?

म्हणून मालकीणबाई, एक मागणं आहे. बाईंच्या टेबलासमोरची ती क्लायंटची खुर्ची, पाय डुगडुगणारी, वर्षातून एकदा मला द्या. माझ्याकडे दाखवायला काहीच नसेल, तरी मी येईन.

तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, याचे मनापासून आभार. कार्यालयात कधी आवाज चढला असेल, आज बोलताना तोल गेला असेल, तर ते मनावर घेऊ नका, आपलाच माणूस म्हणून सोडून द्या. आता मी बसतो.

काय म्हणालात, बाई? जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. आत्ता विचारताय? सगळ्यांसमोर?

हो. हो, बाई, बदल आहे. लिहून घ्या. आमची ही गेली. चार वर्षं झाली.