लोखंडाची आंघोळ

हॅलो?… कोण? जरा मोठ्यानं बोला, इकडे कुकर चालू आहे… धक्क्यावरून? कुठला धक्का?… होडीचा…

अगं बाई, तुम्ही होय, इंजिनियर मॅडम… बरं बरं, पोरी म्हणते. वीस-बावीस वर्षं झाली गं.

काय फोडलं? आपला खांब? का, काय झालं त्याला?… हां, तपासायला. मग?… अगं ऐक ना, आधी एवढं सांग, आत गंज होता का?… जराही नाही? सळई काळीच्या काळी?… थांब, मी बसते.

हं, बोल. आणि पलीकडचे, आपल्या आधीच्या टोळीनं भरलेले?… तिन्ही? आतून नुसता भुगा… मग होडी? बंद नाही ना करणार? बेटावरच्या लोकांना दवाखान्यात यायला तीच एक… हां, आपल्या खांबांच्या बाजूला लागेल. बरं झालं बाई.

माझं कसलं गं… मी एवढंच म्हटलं, चार दिवस खारा वारा खाल्लाय या सळयांनी, गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय काँक्रीट ओतू नका… हो, हो, मुकादम म्हणाला होता, लोखंडाला आंघोळ घालतेस, आता टॉवेलही आण… ठोकळे पण, हो, सळई साच्याच्या फळीपासून लांब राहावी म्हणून. सळई फळीला टेकली की खारं पाणी पोचायला कितीसा वेळ… शिकणार कुठं? आमच्या छताचा पोपडा सासूबाईंच्या खांद्यावर पडला, तेव्हा वर उघडी पडलेली, गंजून फुगलेली सळई बघितली होती.

नाही, आता तू ऐक. बोलले मी, पण काम थांबवलंस तू. नोकरीला महिना झाला नव्हता तुला. साहेब फोनवर ओरडत होते आणि तू पाण्याचा टँकर मागवत होतीस… घाबरली होतीस, माहिती आहे. चहा सांडलास माझ्या पायावर… तोवर कामावर मला कुणी ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलंच नव्हतं गं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं मी ते. दोनदा सांगितलं.

…रडू नकोस. मग मलाही…

कधी? सोमवारी? नव्या लोकांना मी काय सांगणार?… बरं, येईन. गुडघे कुरकुरतात, पण येईन… नको, गाडी कशाला, बसनं येते की… साहेबांची? ती मोठी, पांढरी?… मग पाठव. आणि दारात आल्यावर हॉर्न वाजवायला सांग, शेजारीण घरातच असते… हो. ठेवते.