बटण दाबणारा हात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मायलेक बसले होते. मुलगा मोबाइलवरची बातमी आईला वाचून दाखवत होता.

"ऐकलंस का आई? ज्यांना दिसत नाही त्यांना मत द्यायला बोलणारं यंत्र देणार म्हणे. सोबत कुणी आत जायचं नाही."

"बरं करतायत."

"काय बरं? म्हाताऱ्या माणसांना झेपणार आहे का ते? नसते उपद्व्याप! मी असतो ना तुझ्यासोबत."

"असतोस की."

"मग? मी नीट दाबत नाही का बटण?"

"नीटच दाबतोस. पण मागच्या वेळी मी तुला सगळ्यात खालचं सांगितलं होतं."

"तेच तर दाबलं."

"माझा हात तुझ्या मनगटावर होता रे. तो वर गेला."

"…तेव्हाच का नाही बोललीस?"

"आत साहेब लोक बसले होते. चारचौघांत तुझी लाज काढू?"

"हळू बोल ना, आई. लोक ऐकतायत."

"बरं."

नर्स दारात आली.

"चला आजी, तुमचा नंबर. सोबत कोण आहे?"

"मुलगा आहे. दारापर्यंत येईल."