टीव्हीवरची हिवरखेडची बस

हासाचं असन तं चहाचा कप खाली ठेवा अन् चालते व्हा. मी चौथी शिकलो, तरी टीव्हीले जोडाच्या त्या जुन्या गेमच्या डब्यासाठी असेंब्ली, म्हंजे त्या डब्याची भाषा, शिकून राहिलो. सून शिकवते. डब्याले एकेक पाऊल आकड्यात सांगा लागते. तीन महिन्यात पडद्यावर चालणारी एक बस केली, अकोटहून निघून बायकोच्या माहेरी, हिवरखेडले थांबणारी.

बायको म्हणे, "आज नाही चालली तं डबा भंगारात."

बस निघाली. हिवरखेड मागं टाकून पडद्याबाहेर गेली, अन् डावीकडून हळूच परत आली. अशी फिरतच राहिली.

सून म्हणे, "मामाजी, थांबाचं लिहालेच इसरले तुमी. बसच्या जागेचा आकडा दोनशे पंचावन्न झाला का हा डबा पुन्हा शून्यापासून मोजते."

मी बंद कराले गेलो, तं बायकोनं हात धरला.

"राहू द्या. माय गेल्यावर तिकडं गेलीच नाही मी. आता चार खेपा झाल्या."