प्रॉबर्टची बोट

एमरिस : म्हणजे ती कलंडलेली, जिचं नुसतं छप्पर पाण्यावर दिसतंय, ती त्याचीच?

नेस्टा : त्याचीच. बाकीच्या पाच बघ, कशा डुलतायत.

एमरिस : वा! लिव्हरपूलहून बस बदलत बदलत आलो, त्याचं सार्थक झालं. आमच्या फेरीबोटीच्या भटारखान्यात टीव्ही चालू होता. कालव्याचा बांध फुटला, बोटी चिखलात पडल्या, असं काहीतरी. कांदा चिरता चिरता वर बघतो तर प्रॉबर्ट! पायजम्यावर उभा. पार वाळलाय, पण नाक तेच, सगळ्यांच्या वर. आता पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.

नेस्टा : सांगण्यासारखं थोडंच आहे. पहाटे बांध खचला. सगळं पाणी खालच्या मेंढ्यांच्या कुरणात गेलं आणि सहा बोटी कोरड्या तळावर बसल्या. त्याची भगदाडाच्या अगदी तोंडाशी. तो खिडकीतून बाहेर पडला. रिटायर झाल्यापासून त्या बोटीवरच राहतो, एकटा. पुढं आमच्या कालवा-दुरुस्तीच्या टोळीला काम मिळालं. दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकून पाणी अडवलं, भगदाड चिकणमातीनं भरलं, वरून रोलर फिरवला. ते बाकीच्यांनी केलं. माझ्याकडे बोटी.

एमरिस : ओढून काढायच्या?

नेस्टा : ओढायच्या नसतात रे. पाणी परत सोडलं की बोट आपली आपण उठते. पण बुडाला चिखल घट्ट धरून बसलेला असतो. तो आधी नळीच्या फवाऱ्यानं सोडवायचा, बोट हलवून बघायची. नाही सोडवला, तर पाणी चढत जातं आणि बोट खालीच. मग कडेच्या झरोक्यांतून आत शिरतं.

एमरिस : आणि तू याची सोडवली नाहीस.

नेस्टा : पाच सोडवल्या. सहावीपाशी नळी घेऊन गेले, गुडघाभर चिखलात उभी राहिले. नळी चालूच केली नाही. वर येऊन हॅलम मुकादमाला म्हणाले, मोकळी आहे. हॅलमनं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. इतक्या वर्षांत माझं काम कधी चुकलं नव्हतं.

एमरिस : शाबास.

नेस्टा : शाबास म्हणू नकोस.

एमरिस : मग काय म्हणू? आई गेली तेव्हा मी समुद्रात होतो. फोनवर तू मला दोन वाक्यं सांगितलीस. प्रॉबर्टनं बोट हलवली, आई गेली. एवढ्यावर मी त्याला इतकी वर्षं शिव्या घालतोय. पूर्ण कधी सांगितलंच नाहीस.

नेस्टा : तू विचारलं नाहीस.

एमरिस : आज विचारतो.

नेस्टा : आईची छाती भरली होती. राहत्या बोटीचं इंजिन बंद पडलेलं. आपली बोट गावातल्या धक्क्याला होती, समोर डॉक्टर. तिथं कुणी फार दिवस राहायचं नाही असा नियम, आणि प्रॉबर्ट त्या धक्क्याचा राखणदार. मी जाऊन त्याला सांगितलं, आई आजारी आहे, इंजिन बंद आहे. त्यानं ऐकून घेतलं, टोपी काढून. दुसऱ्या दिवशी मी औषध आणायला गेले. परत येते तर धक्का रिकामा. त्यानं दोर सोडून आपली बोट पुलाच्या पार पलीकडे ओढून नेली होती. आईसकट. तिथं रस्ता पोचत नाही. त्याच आठवड्यात कालवा गोठला, आणि एका सकाळी तिला श्वास लागेना. दवाखान्याची गाडी आली, पुलापाशी थांबली. मी आईला कोळशाच्या ढकलगाडीत घातलं, वर दोन रजया, आणि बर्फातून ढकलत निघाले. अर्ध्या वाटेपर्यंत ती माझ्याशी बोलत होती.

एमरिस : काय बोलत होती?

नेस्टा : चाकाला तेल घाल म्हणत होती. करकरत होतं.

एमरिस : ...मग याची बोट बुडवली ती कमीच केलंस. आता त्याचं सांग. पाणी चढताना कुठं होता तो?

नेस्टा : माझ्या शेजारी. दोर धरून. पत्रे काढले, पाणी हळूहळू आलं. एकेक बोट उठली, लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं मला विचारलं, उठेल ना? मी म्हटलं, उठेल. पाणी झरोक्यांशी आलं तेव्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, थोडा धीर धरा. मग आत शिरताना आवाज आला, घोट घेतल्यासारखा. हॅलम पंप आणायला धावला. मला माहीत होतं, उपयोग नाही.

एमरिस : रडला का?

नेस्टा : नाही.

एमरिस : हातापाया पडला असेल.

नेस्टा : नाही रे. दोर धरूनच राहिला. पाण्यावर त्याचे जोडे आले, उशी आली, ती बघत बसला. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही.

एमरिस : पण कुणी केलं हे त्याला कळायला नको? नाहीतर तो आपला म्हणणार, नशीब. मीच जातो. त्याला गावच्या हॉलमध्ये झोपायला दिलंय ना? तोंडावर सांगून येतो.

नेस्टा : मी सांगून आलेय.

एमरिस : काय सांगितलंस?

नेस्टा : काल संध्याकाळी गेले. ब्लँकेट पांघरून सूप पीत होता. म्हटलं, मी ऑलवेनची मुलगी. तुमच्या बोटीखालचा चिखल मी सोडवलाच नाही. मुद्दाम.

एमरिस : आणि?

नेस्टा : चिखलाचं त्यानं ऐकलंच नाही बहुतेक. ऑलवेन म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, हिरव्या बोटीवाली ना? खोकायची बिचारी. धक्क्यावर दिवसभर सावली आणि ओल, म्हणून मी तिची बोट पुलापलीकडे उन्हात नेऊन बांधली. बायको ओरडली मला थंडीत दोर ओढला म्हणून.

एमरिस : खोटारडा.

नेस्टा : मलाही तसंच वाटलं. म्हटलं, ती तिथंच मेली. रस्ता नव्हता म्हणून मेली. तेव्हा त्यानं सूप खाली ठेवलं. म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. वसंतात बोट दिसली नाही, तेव्हा वाटलं, बरी होऊन निघून गेली असेल. मग चिखलाचं परत सांगायला लावलं, सावकाश. ऐकलं आणि म्हणाला, बरं.

एमरिस : नुसतं बरं? हॅलमला सांगेल तो.

नेस्टा : सांगू दे. नाहीतर मी सांगेन.

एमरिस : वेडी आहेस का? नोकरी जाईल. आणि माफ केलंस की काय त्याला?

नेस्टा : नाही. अजूनही त्याला बघितलं की हात शिवशिवतात. न विचारता नेली त्यानं, एमरिस. मला एक शब्द विचारला असता तर मी सांगितलं असतं, डॉक्टर समोर आहे, राहू द्या.

एमरिस : मग ऊन-बिन सगळी त्याची थाप. दोष टाळायला रचलेली.

नेस्टा : असेल.

एमरिस : असेल काय? तू होतीस तिथं. येत होतं का ऊन?

नेस्टा : सकाळी यायचं. आई खिडकी उघडायला लावायची.