बाबांच्या शर्टातली पावती

दुरुस्तीच्या दुकानात माझा बिघडलेला हेडफोन घेऊन मी रांगेत उभी होते, आणि पुढच्या दादा-ताईचं बोलणं इतकं रंगलं होतं की माझा नंबर येऊच नये असं वाटायला लागलं!

“दादा, बाबांनी व्हायोलिन दिलं असेल दुरुस्तीला.”

“वेडे, व्हायोलिन घरी कपाटावर आहे.”

“मग दुर्बीण?”

“तीही घरीच. टाइपरायटरसुद्धा. एका माणसाला छंद तरी किती असावेत!”

त्यांचा नंबर आला आणि दादाने दुकानदारापुढे पावती धरली.

“काका, ही पावती बघता? बाबा गेले मागच्या महिन्यात. त्यांची वस्तू न्यायला आलोय.”

“अरेरे! पण पोरांनो, वस्तू तुमच्याच घरी आहे. व्हायोलिन. ते आमची दुरुस्तीची कामं घरी न्यायचे ना! ही त्याचीच पावती.”

“म्हणजे ते आमचं नाही?”

“गिऱ्हाइकाचं. दुर्बीण, टाइपरायटरही.”

“पण ते डोळे मिटून वाजवायचे हो!”

“काका, मग ती आवड होती की काम?”

“मला काय माहीत? बोलायचे कुठे! पण दोन दिवसांचं काम असलं तरी वस्तू दोन महिने परत आणायचे नाहीत.”

“…व्हायोलिन कधी आणून देऊ?”

“गिऱ्हाइकाला थोपवतो मी. ठेवा अजून दोन महिने.”

माझा नंबर आला, तेव्हा हेडफोनला काय झालंय तेच मला आठवेना.