अर्ध्या टाकीची शेवटची फेरी

...अहो, ब्रेक गाडीला लागतो, पाण्याला कुठे लागतो! तुम्हाला सांगतो, एवढी साधी गोष्ट, पण उधन्याच्या त्या कारखान्यांच्या वसाहतीत ती एकट्या गजेंद्रच्या डोक्यात शिरलेली, म्हणून घाबरायचं कामही त्या एकट्यानेच करायचं, बाकीचे आपले निवांत! गजेंद्र कोण म्हणता? अहो, शोभाबाईचा नवरा, शिरपूरकडचा, वसाहतीच्या आगीच्या टँकरवर ड्रायव्हर! अन् टँकर तरी कसला, म्हातारा! टाकीच्या आत पाणी अडवायला आडवे पत्रे असतात ना, ते गंजून कधीच गळून पडलेत. म्हणजे टाकी गच्च भरली तर ठीक, पाण्याला हलायला जागा नाही. रिकामी असली तर फारच छान. पण अर्धी असली की मेलोच! इकडे तुम्ही ब्रेक दाबता, गाडी बिचारी थांबायला बघते, अन् मागचं सगळं पाणी धावत येऊन धाडदिशी पुढच्या पत्र्यावर आदळतं... की गाडी निघाली परत!

एकदा अशीच निघाली अन् शाळेच्या रिक्षाच्या मागे हातभर अंतरावर थांबली. रिक्षातली पोरं मागे वळून बघतायत, टाटा करतायत, अन् आमचा गजेंद्र स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलाय. तेव्हापासून धास्ती बसली ती बसलीच. ड्युटीआधी घास उतरेना. कुणाचं लेकरू चाकाखाली आलं तर? हेच एक डोक्यात! गेला वसाहतीच्या गुजराती मॅनेजर चंचलबेनकडे. "बेन, ब्रेक गाडीला लागतो, पाण्याला लागत नाही." तर त्या काय म्हणाव्यात? चष्मा डोक्यावर सरकवून, "गजेंद्रभाई, चिंता शेनी करो छो? आ तो सोना जेवी गाडी छे!" सोनं! अहो, सोनं असतं तर तिजोरीत ठेवलं असतं, चौकात कशाला सोडलं असतं?

पण मागे लागला, लागला, अन् शेवटी एकदाची नवी गाडी आली हो! लालभडक! टाकीच्या आत जाडजूड पत्रे, पाणी भरलं तरी जागचं हलणार नाही. गजेंद्रने आत टॉर्च मारून बघितलं अन् तिथेच डोळे पुसले. मग म्हणतो, "बेन, जुनी आजच भंगारात देऊन टाकू, मीच पोचवतो." घाई कोणाला? यालाच! भंगाराचं यार्ड पुलापलीकडे. म्हणजे पूल चढायचा, पूल उतरायचा, एवढी एकच फेरी, की सुटला.

सकाळी स्वतः व्हॉल्व्ह उघडून टाकी ठणठणीत रिकामी केली. टाकीवर टकटक करून बघितलं, टण्ण! वा! त्या टण्णने माणूस असा खूष झाला, असा खूष झाला, की थेट लोचोच्या हातगाडीवर जाऊन पोटभर लोचो, तो तिकडचा डाळीचा नाश्ता, खाल्ला. वर आणखी शेव मागून घेतली!

अन् इकडे... काय सांगू तुम्हाला! इकडे शोभाबाई चाळीतल्या बायका घेऊन हजर. हळद, कुंकू, खण, नारळ. गाडीची ओटी भरायला! त्यातली पार्वती म्हणते, पाण्याच्या गाडीच्या ओटीत पाणीच पाहिजे. अन् शोभाबाईने लगेच डोळ्याला पदर लावला, "माय वं, इतला वरीस आपलं पोट भरं तिनी, तिले कोरडी धाडतस का?" झालं! शिडी लावून बायकांनी एकेक कळशी आत ओतली. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं? पण तो दगा! दगा म्हणजे गजेंद्रच्या शेजारच्या सीटवरचा फायरमन, मिशा एवढ्या मोठ्या, अक्कल तेवढी नाही. म्हणतो, "वहिनी, लेक सासरी जायनी, अन् चूळभर पाणी?" असं म्हणून बोअरचा पाईपच सोडला की आत! बरं, सोडलास तर गच्च तरी भर! तर टाकी अर्ध्यावर आली अन् लाईट गेली. वर शोभाबाईचा हुकूम, "यासले सांगू नको, उगाच घाबरतीन."

गजेंद्र आला, गाडीला हार बघितला, गहिवरला, बसला. गाडी काढली तर जड! पण याला वाटलं, म्हातारीला जायचं जिवावर आलंय. बॉनेट थोपटत म्हणतो, "जाऊ दे गं, सगळ्यांनाच जायचंय." शेजारी दगा खिडकीबाहेर बघतोय, मिशी चावतोय. पुलाचा चढ घूं घूं करत चढली. वर पोचली. उतार लागला. खाली बघतो तर काय, मोपेडी, हातगाड्या, निवांत बसलेली गाय, अन् सगळ्यात पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो! गजेंद्रने ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. अन् मागून आवाज आला...

डुबुक!

"दगा, काय वाजलं रे?"

"भाऊ... टाकीमा पानी शे."

"कितलं?"

"अर्धं."

अहो, तोंडचं पाणीच पळालं माणसाच्या! ब्रेक गाडीला लागतो, पाण्याला कुठे लागतो! धाडदिशी आदळलं पाणी, गाडी निघाली! दाबला ब्रेक, धाड! सोडला, दाबला, धाड! "कानबाई माते, लेकराबाळांना बाजूला कर गं!" एक हात सायरनवर, एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर. अन् दगा? दगा डोळे मिटून म्हणतो, "भाऊ, ओटीनं पाणी शे, वाईट नई व्हनार!" सायरन ऐकून मोपेडवाले फुटले, हातगाडीवाले पळाले, गाय उठली. टेम्पो मात्र हलेना! गजेंद्रने डोळे गच्च मिटले...

भस्स!

टँकरचं नाक साड्यांच्या गठ्ठ्यांत! आवाज नाही, फूट नाही, तूट नाही. टेम्पोला पुढे रेटत रेटत सपाटीपर्यंत नेलं अन् दोघंही उभे! टेम्पोवाला उतरला, गठ्ठे चाचपले, वर बघून म्हणतो, "अबे, धक्काच मारायचा होता तर चढावर मारायचास, माझी गाडी ओढत नव्हती!" गजेंद्रने त्याला हात जोडले. गोगलगाईसारखी गाडी चालवत यार्डाच्या फाटकाशी पोचला, किल्ली काढली अन् तिथेच जमिनीवर बसला. जगलो बाबा! कोणाचं लेकरू चाकाखाली आलं नाही!

अन् फोन वाजला.

"गजेंद्रभाई, गाडी आपी दीधी के? देऊन टाकली?" चंचलबेन! आवाज चिरका, धाप लागलेली. "वसाहतीत आग! चिंध्यांचं गोडाऊन पेटलंय, शेजारी लूमचा कारखाना, आत माणसं काम करतात, बाहेर काढतोय एकेकाला! शहराच्या गाड्या दुसऱ्या आगीवर गेल्यात!"

"बेन, नवी आहे ना दारात!"

"अरे भाई, कमुरता चाले छे! नवी गाडी उत्तरायण पछी! तिची ना नळी जोडलीय, ना टाकी भरलीय, किल्लीसुद्धा कंपनीच्या माणसाकडे, तो मुहूर्तालाच येणार!"

आता उत्तरायण म्हणजे आपली संक्रांत, अन् कमुरता म्हणजे तिच्याआधीचे अशुभ दिवस, त्यात नव्या वस्तूला हात लावत नाहीत. पण जुनी घालवायला मुहूर्त लागत नाही! अन् मधले दिवस आग लागली तर? हा विचार बेननी केला नाही, ठीक आहे. पण गजेंद्रने तरी कुठे केला होता? आजच देऊन टाकू, आजच देऊन टाकू!

"टांकीमां पाणी छे?"

तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला खोटं बोलावंसं वाटलं. नुसतं नाही म्हणायचं, की सुटला! दगाकडे बघितलं. दगाने मान खाली घातली. लूमवर खानदेशातलीच माणसं, आपलीच. त्यांचीही लेकरं घरी वाट बघत असणार.

"आहे बेन," गजेंद्र म्हणाला. "अर्धं आहे. निघालो."

किल्ली लावली. दगा भीत भीत म्हणतो, "भाऊ, घाबरू नका, आता तर पूल चढायचा आहे."

गजेंद्रने त्याच्याकडे बघितलं, कपाळाचा घाम पुसला अन् गिअर टाकला. "अरे दगा," म्हणाला, "बांधणाऱ्याने पुलाला दोन्हीकडे उतार ठेवलाय रे!"